चार खुर्च्यांची वहिवाट

अन्न शिजविण्याची जागा आणि अन्न सेवन करण्याची जागा यांच्या दरम्यान भिंत असावी की नसावी, हा प्रश्न वरकरणी गवंड्याच्या अखत्यारीतला वाटत असला, तरी ज्या कुटुंबाने ती भिंत एकदा पाडली आहे, अथवा बिल्डरने मुळातच ती बांधण्याचे टाळून त्या टाळाटाळीचे ‘ओपन किचन’ या नावाखाली निराळे मोल ज्या कुटुंबाकडून वसूल केले आहे, त्या कुटुंबाच्या दृष्टीने तो स्थापत्यशास्त्राचा न राहता हद्दनिशाणीचा, वहिवाटीचा आणि प्रसंगी दिवाणी स्वरूपाच्या कज्ज्याचा होऊन बसतो. भिंत होती तोवर आत स्वयंपाकघर व बाहेर दिवाणखाना असा सरळ बंदोबस्त होता. भिंत गेली, दोन संस्थाने विलीन झाली. परंतु विलीन झालेल्या मुलखात घरच्या मंडळींनी जेवायला नेमके बसावे कोठे, याचा तपशील विलीनीकरणाच्या दस्तऐवजात कोणीही नमूद करून ठेवला नाही.

फर्निचरच्या दुकानांतून मिळणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या चित्रांत हा प्रश्न सुटलेला दिसतो, हे मी नाकबूल करीत नाही. त्या चित्रांतील मेजावर एक वाडगा व वाडग्यात तीन हिरवी सफरचंदे असतात, शेजारी चार खुर्च्या अदबीने उभ्या असतात आणि वरून एक दिवा लोंबत असतो. जेवणारा मनुष्य मात्र त्या चित्रात कोठेही नसतो, आणि जागा ऐसपैस दिसण्याचे मुख्य कारण तेच होय.

खरे पाहता भिंतीविना संसार ही मराठी माणसाला परमुलखातून आणावी लागलेली विद्या नव्हे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात ज्या चाळी उभ्या केल्या, त्यांतील एकेक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात चूल, मोरी, देव्हारा, खाट, ट्रंका आणि गावाकडून नोकरीच्या शोधात आलेले दोन-तीन भाचेपुतणे गुण्यागोविंदाने नांदत, आणि रांधणारी व जेवणारे यांच्यामध्ये भिंत तर राहोच, कित्येकदा हातभर अंतरही नसे. तरीही त्या खोलीत ‘बसायचे कोठे’ असा प्रश्न कोणी उपस्थित केल्याचे ऐकिवात नाही. जमीन नावाचे जे आसन तेथे उपलब्ध होते, त्याला पाय नव्हते, टोकदार कोपरे नव्हते आणि त्यावरून उठण्यासाठी ते आधी मागे सरकवावेही लागत नव्हते. पाट मांडले की भोजनगृह झाले, पाट भिंतीला टेकवून उभे केले की शयनगृह झाले. आणि ऐनवेळी दोन पाहुणे टपकले, तर सर्वांनी आपापले गुडघे किंचित आवळून घेतले की पंगत होती तेवढीच राहून माणसे मात्र वाढत. लाकडी मेजाच्या ठिकाणी हे औदार्य नाही. चौघांच्या मेजावर आलेला पाचवा मनुष्य अतिथी राहत नाही. तो अतिक्रमण ठरतो.

हा पाट पाश्चात्त्य संस्कारांनी घालविला असे म्हणण्याचा प्रघात आहे, परंतु माझ्या मते तो ओट्याने घालविला. जोवर चूल जमिनीवर होती, तोवर रांधणारी व जेवणारे एकाच पातळीवर होते आणि बसल्या जागेवरून हात लांब करून पोळी ताटात टाकता येत होती. पुढे कडप्प्याचा ओटा आला, चूल जाऊन गॅसची शेगडी आली, आणि रांधणारी पावणेतीन फूट उंचीवर चढून उभी राहिली. आता जेवणारा खाली जमिनीवरच राहिला, तर प्रत्येक वाढपाला तिने कमरेतून वाकावे आणि दर वेळी गुडघ्यांना पुन्हा उठण्याची विनंती करावी, हे किती दिवस चालणार? ओटा वर गेला, त्याच्या पाठोपाठ ताट वर गेले, आणि ताटाच्या मागोमाग नाइलाजाने मनुष्यही खुर्चीवर चढला.

पाश्चात्त्यांचे तारू नेमके उलट दिशेने भरकटले. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगारवस्तीसाठी आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना नजरेसमोर ठेवून सव्वासहा फूट रुंद व सुमारे अकरा फूट लांब असे एक स्वयंपाकघर रचले, ज्यात मीठ, पीठ, डाळ, पळी यांची प्रत्येकाची जागा मुक्रर होती आणि विनाकारण एक पाऊलही टाकावे लागत नव्हते. ते सुमारे दहा हजार घरांत बसविण्यात आले. त्यात बसून जेवण्याची सोय मात्र मुळीच नव्हती, कारण जेवणे ही शेजारच्या खोलीची जबाबदारी समजली गेली होती. आपण त्यापूर्वी कधी स्वयंपाकच केला नव्हता, असे या बाईंनी पुढे मोकळ्या मनाने सांगून टाकले, ही गोष्ट मला त्यांच्या स्वयंपाकघराइतकीच आवडते. त्यानंतर अवघ्या दहा-अकरा वर्षांनी अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांनी मॅडिसन गावी एका वार्ताहराच्या बेताच्या ऐपतीच्या घरात स्वयंपाकघर बैठकीच्या खोलीकडे उघडे ठेवून जेवणाचे मेज दोहोंच्या सांध्यावर आणून बसविले. भिंती दूर करणारा हा थोर पुरुष आसनांच्या बाबतीत मात्र फारसा यशस्वी नव्हता; स्वतःच रचलेल्या फर्निचराशी घसट ठेवल्यामुळे आपले अंग जन्मभर कोठे ना कोठे काळेनिळे असते, अशी कबुली त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. भिंत हलविणे सोपे आणि बूड टेकविणे कठीण, हे एवढ्या मोठ्या माणसाच्या अंगावर उमटले, तेथे आपल्या आळीतल्या मिस्त्रीचा काय पाड?

या विषयाचे यथासांग दर्शन मला घडले ते ठाण्यास राहणाऱ्या एका स्नेह्यांच्या घरी. हे गृहस्थ भूमिअभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून लागले आणि बऱ्याच वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. उभी हयात दुसऱ्यांच्या बांधांचे तंटे मिटविण्यात गेल्यामुळे, इमारतीच्या पुनर्विकासानंतर स्वतःच्या वाट्याला आलेल्या दहा फूट रुंद व सतरा फूट लांब अशा दिवाणखाना-सह-स्वयंपाकघर नामक भूखंडाची मोजणी त्यांनी रीतसर फीत लावून केली. तिचा निष्कर्ष त्यांनी मला कागदावर मांडून दाखविला. चार माणसांचे मेज किमान चार फूट लांब व अडीच फूट रुंद हवे, कारण प्रत्येक भोक्त्यास कोपर हलविण्यापुरती दोन फुटांची रुंदी लागते. बसणाऱ्यास खुर्ची मागे सारून उठावयाचे असेल आणि त्याच्या पाठीमागून दुसऱ्याला जावयाचे असेल, तर मेजाच्या दोन्ही अंगांस तीन-तीन फूट जागा सोडली पाहिजे. म्हणजे एकूण साडेआठ फूट झाले. राहिला दीड फूट. एवढ्या दीड फुटात फ्रिज उभा राहावयाचा होता, त्याचे दार उघडावयाचे होते आणि मुख्य दरवाजापासून गॅलरीपर्यंतचा वहिवाटीचा रस्ता कायम राखावयाचा होता. “एवढ्या क्षेत्रात मी कुणाला गुंठाभर जमीनसुद्धा आखून दिली नसती,” असे उद्गार त्यांनी काढले. ते हिशेबाला धरून नव्हते, पण त्यांतील व्यथा अस्सल होती.

यावर कुटुंबात जो खलिता-व्यवहार सुरू झाला, त्यात पहिला प्रस्ताव चिरंजीवांचा. त्यांचे म्हणणे असे की मेजच नको. ओट्याचा एक फाटा दिवाणखान्याच्या बाजूस वळवून त्याच्या पुढे उंच स्टुले ठेवावीत. नवी पिढी ज्याला ‘ब्रेकफास्ट काउंटर’ म्हणते ते हेच, आणि त्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. साध्या मेजाची उंची तीस इंच व खुर्चीच्या बैठकीची अठरा इंच, यांतील बारा इंचांच्या अंतरात मनुष्याच्या मांड्या सामावतात. हाच हिशेब छत्तीस इंची ओट्याला लावला, तर बैठक दोन फुटांवर जाते आणि पाय अधांतरी लोंबू लागतात, ज्यांना टेकविण्यासाठी स्टुलाला एक वर्तुळाकार दांडी दिलेली असते व ती नेमकी आपल्या टाचेच्या उंचीवर कधीच नसते. शिवाय गुडघे आत जाण्यासाठी ओट्याचा दगड पुढे निदान सव्वा फूट निघालेला पाहिजे. बिल्डर तो चार इंच काढतो. परिणामी बसणाऱ्यास एका कुशीवर कलून, गुडघे बाहेर व तोंड ताटाकडे अशा आसनात जेवावे लागते. पावास लोणी लावून खाणाऱ्या जातीला हे पंधरा मिनिटे जमत असेल; वरणभात कालविणाऱ्या मनुष्याला जमत नाही. त्यातून समोरच फोडणी चाललेली. तडतडणारी मोहरी चष्म्यावर येऊन आदळावी आणि मिरचीच्या ठसक्याने पहिला घास घेण्यापूर्वीच डोळे भरून यावेत, हा प्रकार चिमणी लावून थांबतो असे म्हणतात. परंतु चिमणी सुरू असता जेवणाऱ्यांस एकमेकांशी खाणाखुणांनी बोलावे लागते. स्नेह्यांच्या मातोश्रींनी स्टुलाकडे एकदा खालून वर पाहिले आणि “यावर मला चढवायचं असेल तर आधी शिडी आणा,” एवढाच शेरा मारून प्रस्ताव निकालात काढला.

दुसरा प्रस्ताव मिस्त्रीचा. भिंतीला बिजागऱ्यांनी फळी लावायची, जेवणाच्या वेळी ती उचलून आडवी करायची, जेवण झाले की खाली सोडायची, आणि पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या माळ्यावर ठेवायच्या. कागदावर ही योजना निर्दोष आहे. व्यवहारात घडीच्या फळीला दोनच अवस्था प्राप्त होतात. एक तर ती कायमची उघडी राहून तिच्यावर वर्तमानपत्रे, विजेची बिले, मोबाइलचे चार्जर, रक्तदाबाच्या गोळ्या व अर्धवट फोडलेला बिस्किटांचा पुडा यांची मालकी कायदेशीररीत्या प्रस्थापित होते. नाही तर ती कायमची मिटलेली राहून मंडळी दूरदर्शनसमोरच्या सोफ्यावर ताट मांडीवर घेऊन जेवतात. जे आसन वापरण्यापूर्वी मांडावे लागते, ते तिसऱ्या आठवड्यापासून मांडले जात नाही. माळ्यावरच्या खुर्च्यांची हकीकत तर तैनाती फौजेची: तिचा खर्च आपण सोसावा, तिच्यासाठी जागा आपण द्यावी, आणि गरजेच्या दिवशी ती खाली उतरविणारा मनुष्य घरात नसावा.

सूनबाईंनी तिसरा मार्ग सुचविला आणि अखेर तोच टिकला. तो असा की, भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात बाक बांधून काढावे आणि त्यापुढे मेज ठेवावे. बाकाचा मोठा गुण असा की ते मागे सारावे लागत नाही. त्याची पाठ म्हणजे भिंत, आणि भिंतीच्या मागून कोणी ये-जा करीत नसते. खुर्चीमागचे तीन फूट त्या बाजूला वाचले, आणि आमच्या मोजणीसाहेबांच्या चर्येवर प्रथमच समाधान दिसले. मेजाची कड बाकाच्या बैठकीवर तीन-चार इंच चढली तरी बिघडत नाही, उलट ताट तोंडाजवळ येते. बाकाच्या तळाशी टाचा मागे घेण्यापुरती खोबण ठेवणे मात्र आवश्यक आहे. ती नसली, तर उठताना मनुष्य पुढे मेजावर कोसळतो.

बाकामुळे घरात दोन नवे वर्ग निर्माण होतात, हे येथे नमूद केले पाहिजे. पेशवाईत गावच्या जमिनीवर पिढीजात हक्क असणारा तो मिरासदार आणि आज येथे, उद्या दुसरीकडे असा कसणारा तो उपरी, अशी विभागणी असे. बाकाच्या आतल्या कोपऱ्यात बसणारा हा मिरासदार होय: त्याला कोणी उठवू शकत नाही, परंतु त्यालाही कोणाला उठविल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. समोरच्या सुट्या खुर्चीवरचा तो उपरी. मीठ आण, दाराची घंटा पाहा, कुकर बंद कर, ही सारी वेठ त्याच्या कपाळी. कोपऱ्यातल्या इसमाच्या सुटकेसाठी मेजाचे पाय हा सर्वांत मोठा अडथळा असतो, आणि त्यावर फार चांगला उपाय एरो सारिनेन या वास्तुकाराने १९५७ च्या सुमारास केला: खुर्च्यामेजांखालच्या पायांच्या दाटीला कंटाळून त्याने मध्यभागी एकच खांब असलेले मेज बनविले. एका खांबाच्या मेजाला गुडघा अडत नाही, सरपटत बाहेर येता येते; आणि ते गोल अथवा कोपरे मारलेले असेल, तर रात्री अंधारात पाण्यासाठी उठलेल्याच्या बरगड्याही शाबूत राहतात.

मिस्त्रीने बाकाखाली सामान ठेवण्याची सोय करून देतो म्हणून वर उचलण्याची झाकणे केली. पुरणयंत्र, शेवयांचा सोऱ्या, मोठी परात आणि दिवाळीचे आकाशकंदील त्या पोटात गेले. आणि तेव्हापासून पुरणयंत्र हवे असेल तर जेवणाऱ्या तीन माणसांनी ताटे हातात घेऊन उभे राहावे, गाद्या काढाव्यात, झाकण उघडावे, असा जाबता सुरू झाला. बाकाखाली झाकण करू नये. टोकाकडून ओढता येणारा खण करावा. मिस्त्री याला विरोध करतो, कारण खणाचे काम किचकट असते. त्याचा विरोध जुमानू नये.

खुर्च्यांच्या बाबतीत आपल्याला बाहेर पाहण्याचे कारण नाही. मुंबईच्या इराण्याने हे गणित फार पूर्वी सोडविले आहे. त्याच्या दुकानातली संगमरवरी माथ्याची लहानशी मेजे आणि त्यांभोवतीच्या वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्या घराण्यातल्या, त्याचा मूळपुरुष म्हणजे व्हिएन्नाच्या टोनेट यांची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची. बीच लाकूड वाफेवर वाकवून केलेले सहा तुकडे आणि थोडे स्क्रू, एवढेच तिचे भांडवल. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. हिला हात नाहीत, म्हणून ती मेजाखाली पूर्ण सरकते. वजन नाही, म्हणून आजीही ती उचलू शकते. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला याहून निराळी, पाठीला गुबगुबीत उशी असलेली, दोन्ही बाजूंस हात असलेली भारदस्त खुर्ची पसंत पडते, व ती घरी आणल्यावर मेजाखाली न जाता जन्मभर रस्त्यात बसून राहते.

मेज किती रुंद असावे, याविषयी पुस्तकी माप आंधळेपणाने स्वीकारू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अडीच-तीन फुटांची रुंदी पाश्चात्त्यांना लागते, कारण सर्व पात्रे मेजाच्या मध्यभागी मांडून ती एकमेकांकडे सरकविण्याची त्यांची चाल. आपल्याकडे वाढपी हिंडतो व ताट स्थिर असते; मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डाव्या बाजूस, भाजी उजव्या बाजूस आणि भात मध्यभागी, असा सारा संसार त्या ताटाच्या परिघात मावतो. पातेली जर ओट्यावरच राहणार असतील आणि ओटा हाताच्या अंतरावर असेल, तर समोरासमोरच्या दोन ताटांपुरती दोन फुटांची रुंदी पुरी पडते. उघड्या स्वयंपाकघराचा आपल्याला झालाच तर हाच एक लाभ आहे: तव्यावरचा फुलका फुगलेला असतानाच ताटात पडतो. ज्याने हा लाभ घेतला नाही, त्याने भिंत फुकट घालविली असे मी समजतो.

बाकाच्या बैठकीची खोली अठरा इंच पुरे, असे मिस्त्री सांगतो. ती पुरते दोन फूट करून घ्यावी, आणि पाय खाली सोडून बसणाऱ्यासाठी पाठीशी लोड द्यावा. कारण मराठी मनुष्य खुर्चीवर बसला, तरी वरणभात संपून ताकभाताकडे वळेपर्यंत त्याचा एक पाय आपोआप वर येतो आणि ताक संपण्याच्या आत दुसराही येतो. स्नेह्यांच्या मातोश्रींनी बाकावर पहिल्याच दिवशी ऐसपैस मांडी घातली आणि मेज-खुर्चीला केलेला जन्माचा विरोध त्या क्षणी मागे घेतला. त्यांना जे मिळाले, ते वस्तुतः दीड फूट उंचीवर नेलेला पाटच होता.

आता या साऱ्या मोजणीत राहून गेलेली एक बाब. घरात माणसे पाच: मातोश्री, स्नेही, वहिनी, चिरंजीव व सूनबाई. मोजणी मात्र पहिल्यापासून चौघांची झाली, दुकानातला संचही चार खुर्च्यांचाच दाखविला गेला, आणि पाचवी व्यक्ती कोण, हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही, कारण वहिनी जेवताना ओट्याशी उभ्या असतात ही गोष्ट सर्वांनी सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीप्रमाणे बिनतक्रार मान्य केली होती. भूखंडाचे इंच-इंच मोजमाप करणाऱ्या निष्णात मोजणीदाराच्या नजरेतून एक संपूर्ण वहिवाटदार निसटला. ही तक्रार सूनबाईंनीच दाखल केली, आणि बाकाचे शेगडीकडचे टोक आठ इंच वाढवून तेथे वहिनींची जागा मुक्रर झाली: तेथून बसल्याबसल्या गॅसची कळ फिरविता येते, आणि उठायचे झाल्यास कोणाला उठवावे लागत नाही. शेवटची पोळी मात्र आता आळीपाळीने कोणीतरी दुसरा भाजतो. ती बहुधा नकाशातल्या तालुक्याच्या आकाराची होते, तरी खाल्ली जाते.

ज्या वाचकांच्या घरी हा मामला सध्या विचाराधीन आहे, त्यांना माझी एवढीच विनंती की घरातली सर्व माणसे, उभी राहणारी धरून, आधी मोजावीत. मग मेज, बाक व खुर्ची यांच्या हद्दी फरशीवर खडूने आखाव्यात, आणि फ्रिजचे व ओव्हनचे दार उघडून, हातात गरम पातेले असल्याचे समजून, त्या रेघांना न शिवता आठवडाभर वावरून पाहावे. रेघ पुसून दुसरीकडे आखता येते. मिस्त्रीला दिलेली आगाऊ रक्कम परत मिळत नाही.